केवलादेव घना, भरतपूर: भाड्याच्या सायकलीचं परीक्षण

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव या पक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानात भाड्याने मिळणारी सायकल ही सायकल म्हणून सुमारच असते. बिनगिअरची, जड, टणक सीटची, आणि आदल्या दिवशी कोणी कशी चालवली याच्या खुणा अंगावर वागवणारी. तरीही हे उद्यान बघायला तिच्याइतकं चांगलं साधन नाही, असं आमचं मत आहे. फक्त तिला नेहमीच्या मापाने जोखू नये. प्रवेशद्वारापासून केवलादेवाच्या देवळापर्यंतचा रस्ता सुमारे पाच किलोमीटर, जाऊन-येऊन दहा, आणि त्यात चढ म्हणावा असा एकही नाही. चार तासांच्या फेरीत चाक फिरतं जेमतेम तासभर. उरलेला वेळ सायकल उभी असते आणि आपण दुर्बिणीत डोळे घालून असतो. त्यामुळे ती पळते कशी हा प्रश्न इथे गौण आहे. ती थांबते कशी, उभी कशी राहते आणि आवाज किती करते, हे आधी पाहायचं.

आधी जागेविषयी. आग्रा–जयपूर महामार्गाला लागून, भरतपूर शहराच्या कडेला हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं उद्यान आहे. स्थानिक लोक त्याला नुसतं ‘घना’ म्हणतात. मुळात हा एक नैसर्गिक खोलगट भाग. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलच्या काळात गंभीर आणि बाणगंगा नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध बांधला गेला आणि त्याचं पाणी या खोलगटात साठू लागलं. (पानिपतानंतर जखमी, उपाशी मराठ्यांना आसरा देणारा सूरजमल तो हाच.) पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी इथे पाळी (मातीचे बांध) घातल्या, पाण्याचे कप्पे पाडले, पाणी सोडायला-अडवायला मोऱ्या बसवल्या. देवळाजवळच्या शिलालेखावर शिकारीचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, तो आकडाही त्यातच आहे. बंदूकवाल्यांना कोरड्या पायांनी पाण्याच्या मधोमध पोचता यावं म्हणून घातलेल्या त्या पाळींवरूनच आज सायकली जातात. सपाट, सावलीचा आणि दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर पाणी असलेला रस्ता आयता मिळतो, तो यामुळे.

जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत हे उद्यान १९८१ साली आलं, जागतिक वारसा यादीत १९८५ साली. नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात आणि पुढे तेही रामसर यादीत गेलं. पण तिथली सवय घेऊन इथे येणाऱ्यांना एक गोष्ट नवी वाटते. तिथे मनोऱ्यावर चढून लांबच्या पाण्यावर दुर्बीण लावायची असते. इथे चित्रबलाकांची घरटी रस्त्यावरून नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

रस्ता असा आहे. तिकीटखिडकीपासून पहिले दीड-दोन किलोमीटर कोरडं रान: बाभूळ, बोर, वेडी बाभूळ. इथे पाणी नाही म्हणून लोक जोरात पेडल मारून पुढे जातात. ती चूक आहे. पिंगळे आणि इतर घुबडं याच पट्ट्यात झाडांच्या ढोलीत बसलेली असतात, नीलगाय आणि चितळही इथेच दिसतात. सालिम अली यांच्या नावाचं माहिती केंद्र आणि शांती कुटीर हे विश्रामगृह इथेच लागतात. पुढे सापन मोरी येते. मोरी म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. इथून खरी पाणथळ सुरू होते आणि डाव्या-उजव्या बाजूंना पाळींवरच्या पायवाटा फुटतात. मुख्य डांबरी रस्ता सरळ देवळाशी जातो. तिथे महादेवाचं छोटं देऊळ आहे, त्यावरूनच उद्यानाला केवलादेव हे नाव पडलं. देवळापलीकडे मातीच्या वाटांवरून मानसरोवर, हंससरोवर या भागांकडे जाता येतं. मुख्य रस्ता आणि दोन-तीन पाळी एवढं केलं तर पंधरा किलोमीटरच्या आसपास सायकल होते. त्याहून जास्त केलं तर पक्षी बघायचे राहतात, म्हणून आम्ही ते सुचवत नाही.

आता सायकलीकडे येऊ. प्रवेशद्वाराशी आणि बाहेरच्या बहुतेक लॉजवर सायकली मिळतात. ओळखपत्र ठेवून घेतलं जातं असं गृहीत धरून आधारची झेरॉक्स बरोबर ठेवा. मूळ कार्ड देऊ नका. ताब्यात घेण्याआधी दहा मिनिटं खर्च करा, कारण निवड करायची संधी एकदाच मिळते. सकाळी दार उघडताना आलात तर रांगेतल्या पंचवीस सायकलींतून निवडता येते. रविवारी किंवा नाताळच्या आठवड्यात नऊ वाजता आलात तर इतरांनी नाकारलेल्याच उरतात.

पहिला ब्रेक. जुन्या पद्धतीच्या २८ इंची चाकाच्या सायकलीला रॉडचे ब्रेक असतात, त्यांचे रबरी ठोकळे रिमला आतल्या बाजूने वर ओढून लागतात. सायकल हाताने ढकलत चालवा आणि पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा दाबा. किंचाळणारा ब्रेक घ्यायचा नाही, मग तो कितीही घट्ट लागत असो. रबर जुनं होऊन गुळगुळीत, चकचकीत झालं किंवा त्यात वाळूचे कण रुतले की हा आवाज येतो. दुकानदाराकडे काचपेपर असेल तर ठोकळ्याचा तो चकचकीत थर दोन मिनिटांत घासून निघतो. नसेल तर दुसरी सायकल घ्या. रातबगळ्यांच्या झाडाखाली एकदा ब्रेक किंचाळला की त्या झाडापाशी पुढची पंधरा मिनिटं बघण्यासारखं काही उरत नाही. धुक्याच्या सकाळी आणखी एक भानगड असते: लोखंडी रिमवर दव धरलं की ब्रेक लागल्यासारखा वाटतो पण चाक सरकतच राहतं. निघाल्यावर सुरुवातीच्या शंभर मीटरमध्ये ब्रेक हलका दाबून धरा, रिम पुसली जाते.

मग आवाज. सायकल जमिनीपासून दहा सेंटिमीटर उचलून सोडा. जे खुळखुळतं ते दिवसभर खुळखुळणार. बहुधा मडगार्डची पट्टी, चेनकव्हर किंवा पुढची बास्केट यांचा बोल्ट सैल असतो. पाना मागून घ्या, तिथे असतोच. पेडल उलटं फिरवा. चेन कोरडी असेल तर ती चुंईचुंई करते, तेलाचे आठ-दहा थेंब आणि एक फडकं एवढ्यात तिचं काम होतं. चेन कव्हरला घासत असेल तर ती ढिली आहे. मध्यावर बोटाने वर-खाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलावी, त्याहून जास्त हलत असेल तर मातीच्या वाटेवर उतरणार. प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ असा ठोका पायाला जाणवत असेल तर कॉटर, म्हणजे पेडलचा दांडा जागेवर धरणारी खीळ, सैल झालेली आहे. ही सायकल परत करा, कारण वाटेत त्यावर इलाज नाही आणि पेडलचा दांडा गळून पडेपर्यंत ती बिघडतच जाते.

स्टँड हा भाग कोणी तपासत नाही, आणि घनात सर्वात जास्त वापरात तोच येतो. मागच्या चाकाला उचलून धरणारा दोन पायांचा जुना स्टँड स्थिर असतो, पण लाथ मारून काढला तर स्प्रिंगचा ‘खडाक’ आवाज पाण्यावरून दूरवर जातो. तो हाताने धरून अलगद वर घ्यायचा. एका पायाचा साइड स्टँड शांत असतो, पण पाळीच्या मऊ मातीत रुततो आणि दोन मिनिटांनी सायकल कॅमेऱ्यासकट आडवी होते. त्याच्याखाली चपटा दगड किंवा खपरीचा तुकडा सरकवा. सायकल झाडाला टेकवून ठेवू नका, आणि त्याचं कारण वेडी बाभूळ.

या झाडाचा काटा हा घनातल्या पंक्चरचा पहिला मानकरी. रस्त्याच्या मधोमध चाक असेल तर सहसा काही होत नाही. कडेला घेतली, गवतात उभी केली, की गेलं. काटा टायरमध्ये घुसलेला दिसला आणि हवा टिकून असली तर तो उपटू नका. काटा स्वतःच भोकाला बूच मारून बसलेला असतो. तसंच परत फिरा आणि सायकल बदलून घ्या. उपटला तर देवळापासून दरवाजापर्यंत पाच किलोमीटर ढकलत जावं लागतं, म्हणजे सव्वा तास. निघतानाच टायर अंगठ्याने दाबून बघा: जेमतेम दबला पाहिजे. पुढच्या चाकापेक्षा मागचं कडक हवं, कारण वजन तिथे असतं. बऱ्याच सायकलींना अजून जुना व्हॉल्व्ह असतो, ज्याच्या आत रबरी नळी असते. ही नळी उन्हाने सुकली की हवा हळूहळू जाते आणि आपण पंक्चर समजून वैतागतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा, बुडबुडा आला तर नळी गेलेली. बदलायला एक मिनिट लागतं. पूर्ण पंक्चरचं साहित्य बाळगायची गरज नाही. एक छोटा पंप आणि दोन इंच रबरी नळी खिशात असली तर शंभरातल्या नव्वद वेळा परत येता येतं, दर वीस मिनिटांनी हवा मारत का होईना.

सीटची उंची नेहमीच्या नियमाने ठेवायची नाही. लांब पल्ल्याला टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी उंच ठेवतात. इथे त्याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. दिवसभरात शंभर वेळा थांबायचं असतं आणि गळ्यात दुर्बीण लटकत असते. एका पायावर झोके घेत फोकस होत नाही. बास्केटमध्ये लेन्स ठेवू नका, बिनस्प्रिंगच्या पुढच्या चाकाचे सगळे हिसके तिला बसतात. ती पाठीवर घ्या. बास्केट पाण्याच्या बाटलीसाठी आणि टोपीसाठी आहे. खाण्याचं पुडकं तिथे उघड्यावर ठेवलंत तर ते माकडांचं झालं. लहान मुलांच्या मापाच्या सायकली मोजक्या असतात आणि हेल्मेट मिळेल असं धरून चालू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन आलात तर सायकलरिक्षा बरी.

पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबरपर्यंत, पाळींवरची चिकणमाती हा वेगळाच त्रास आहे. ती टायरला चिकटते, मडगार्डखाली साठते आणि वीस-पंचवीस मीटरमध्ये चाक जाम होतं. जोर लावून उपयोग नाही. काटकीने माती काढायची आणि मागे फिरायचं. पाऊस पडून गेलेल्या दिवशी डांबरी रस्ता सोडूच नये.

सायकल पक्ष्यांना चालते, सायकलस्वार उतरलेला चालत नाही. हे कळलं की निम्मं काम झालं. रस्त्याकडेच्या फांदीवरचा तिरंदाज पंख पसरून वाळवत बसलेला असतो, शेजारून दहा सायकली गेल्या तरी त्याला फरक पडत नाही. अकरावी सायकल बरोबर त्याच्यासमोर थांबली, पाय खाली आला, हात वर झाला, की तो पाण्यात. म्हणून थांबायचं ते पंधरा-वीस मीटर अलीकडे, पक्ष्याच्या विरुद्ध बाजूला उतरायचं आणि सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवायची. बोट दाखवायचं नाही. पट्टकादंब आणि बदकं उघड्या पाण्यावर असतात, त्यांचं अंतर मुळातच जास्त असतं, तिथे एवढी काळजी घेतली नाही तरी चालतं. सारस जोडीने असतात आणि माणसाकडे फारसं लक्ष देत नाहीत, तरी पिल्लू बरोबर असेल तर थांबू नका. घंटी रिक्षाला बाजू मागण्यापुरतीच. हिवाळ्यात दुपारी अजगर बिळाबाहेर ऊन खायला येतात, बरेचदा साळिंदराच्या बिळांपाशी. जवळ गेलात तर ते आत जातात, आणि थंडीत ऊन न मिळालेला अजगर पचनाला मुकतो. वाटेवर उभं राहून बघा, एवढं पुरतं.

उन्हाची दिशाही सायकलवाल्यानेच सांभाळायची. रिक्षावाल्याला ते आपसूक कळतं. जाताना सूर्य पाठीशी पडेल त्या बाजूचंच पाणी बघत जा, दुसरी बाजू येताना दुपारनंतर. सूर्यासमोरची बदकं नुसती काळी ठिपकी दिसतात, तलवार बदक आणि थापट्या यांतला फरकही कळत नाही.

कधी जायचं याची दोन उत्तरं आहेत. घरटी बघायची तर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर: चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे, बगळे, सगळे पाण्यात उभ्या बाभळींवर दाटीवाटीने, पिल्लांचा कलकलाट आणि विष्ठेचा उग्र वास यांच्यासकट. थंडीचे पाहुणे बघायचे तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. त्यातही डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर धुकं इतकं असतं की सकाळी दहापर्यंत समोरची मोरी दिसत नाही. त्या दिवसांत पहाटे उठून येण्यात अर्थ नाही, असं वाटेल. पण चांगली सायकल हवी तर यावंच लागतं. सायकल घ्या, कोरड्या रानात तास काढा, धुकं उठेल तसं पाण्याकडे सरका. हातमोजे विसरू नका, लोखंडी हँडल बर्फासारखं लागतं. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत इथे सायकलवर येऊ नये. ऊन आणि आटलेलं पाणी, दोन्ही वाईट.

या सगळ्यावर पाण्याचा प्रश्न आहे, आणि कुठलीही सायकल त्याची भरपाई करू शकत नाही. घनाला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं. गंभीर नदीवर वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यापासून अजान बांधात पूर्वीसारखं पाणी येत नाही. गोवर्धन ड्रेन या नाल्याचं आणि चंबळ नदीवरच्या योजनेचं पाणी आणून तूट भागवतात. चांगला पाऊस झालेल्या वर्षी जे दिसतं ते कोरड्या वर्षी दिसत नाही. आरक्षण करण्याआधी लॉजवाल्याला एकच प्रश्न विचारा: सापन मोरीच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे का? त्याचं उत्तर ‘एका बाजूला आहे’ असं आलं तरी जावं. ‘देवळाजवळ थोडं आहे’ असं आलं तर तिकीट पुढे ढकला. १९८२ साली इथली गुरंचराई बंद केली, त्यावरून गावकऱ्यांशी संघर्ष झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं आणि उघडं पाणी कमी झालं. रस्त्यावरून एखादा कप्पा हिरव्या कुरणासारखा दिसला तर ते हेच गवत असू शकतं. तिथे बदकं शोधत वेळ घालवू नका, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी मात्र सापडतील. सायबेरियन क्रौंच विचारू नका. २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली, त्यानंतर नाही.

सायकल की रिक्षा, हा प्रश्न सगळे विचारतात. सायकलरिक्षावाले प्रशिक्षित आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण पक्षी इंग्रजी नावांनिशी ओळखतात. कुठल्या ढोलीत घुबड आहे, हे त्यांना कालपासून माहीत असतं. पण रिक्षा मुख्य रस्ता सोडून पाळींवर जात नाही आणि तासावर पैसे मोजले जातात, त्यामुळे एका रातबगळ्यापाशी पाऊण तास बसायची चैन करता येत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने पहिल्या सकाळी दोन-तीन तास रिक्षा करावी, जागा लक्षात ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सायकल घ्यावी. एकच दिवस असेल तर परवानाधारक गाइड घ्या आणि दोघंही सायकलवर जा. गाइडचा दर माणसावर नसून तासावर असतो, तेव्हा चौघांचा गट असला तर फार पडत नाही. ई-रिक्षा वयस्कर माणसांसाठी ठीक, बाकी कोणासाठी नाही. पुरेसं पाणी असलेल्या वर्षी नाव चालते, ती मिळाली तर सायकल तासभर कुलूप लावून ठेवा.

परतीचं गणित करून ठेवा. दार सूर्यास्ताला बंद होतं. देवळापासून न थांबता अर्धा तास धरा, पण संध्याकाळी न थांबणं कोणाला जमत नाही, म्हणून एक तास. शेवटच्या कोरड्या पट्ट्यात कातरवेळी नीलगाय आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात, तीही न बघता. सायकलला दिवा नसतो. तिथे वेग कमी ठेवा आणि मधोमध चाला.

मुंबई–मथुरा मार्गावरच्या काही गाड्या भरतपूर जंक्शनला थांबतात, बाकीच्यांनी मथुरेला उतरून सुमारे चाळीस किलोमीटर मागे यावं. स्टेशनवरून उद्यानाला ऑटो मिळतो. महामार्गावरच्या लॉजमधून सायकल घेतलीत तर दारापर्यंतचा तुकडा ट्रकांच्या सोबतीने काढावा लागतो, आणि पूर्ण फेरीतला धोक्याचा भाग तोच. शक्य असेल तर तो चालत जा, सायकल दारातच घ्या.